‘जीव वाचला ना, मग आभार मान’: पक्षाघातानंतरच्या एका घराचं प्रकरण

साठीला टेकलेले एक गृहस्थ रात्री साडेदहाला नेहमीसारखे झोपले. सकाळी जाग आली तेव्हा उजवा हात उचलत नव्हता, उजवा पाय टेकत नव्हता आणि तोंडातून शब्दांऐवजी नुसता आवाज येत होता. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती. घरच्यांनी दवाखान्यात न्यायला जराही वेळ लावला नाही, तरी गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता आलं नाही. ते साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झटका झोपेत आला असेल तर ही वेळ जाग आल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. गुठळीमुळे येणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे पाचांतला एक असा झोपेतून उठताना लक्षात येतो. यांच्या स्कॅनमध्ये नुकसान आधीच झालेलं दिसलं. जीव वाचला, आणि लांबलचक पुनर्वसन सुरू झालं.

आजार त्यांचा असला तरी इथे मला त्यांच्या पत्नीबद्दल लिहायचं आहे. पुनर्वसन विभागात मी समुपदेशनाचं काम करते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरात या बाई, त्यांचे पती आणि पतीची थोरली बहीण. एकुलती एक मुलगी परगावी नोकरी करते. फिजिओथेरपिस्टने त्यांना माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: ‘पत्नी सगळं करतात. रडत नाहीत, बोलत नाहीत, बसत नाहीत.’

या घरात कृतज्ञताही होती आणि श्रद्धाही, दोन्ही भरपूर. आणि काही महिने या दोन्ही गोष्टींनीच त्या बाईंना घरात एकटं पाडलं होतं. पुढे त्यांना आधार मिळाला तोही याच दोन गोष्टींचा. मधल्या काळात काय बदललं, ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

सुरुवातीची परिस्थिती

पहिल्या भेटीत बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, पट्टा हाताला गुंडाळलेला. कसं चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “चांगलं आहे. देवाची कृपा.” झोप? “होते.” जेवण? “होतं.” मदतीला कोणी? “ताई आहेत ना.” एकेक उत्तर झटकन येत होतं. इतक्या जणांना देऊन झालेलं उत्तर मग पाठच होऊन जातं.

काळजीवाहकांवरचा भार मोजण्यासाठी झरिट यांची प्रश्नावली वापरतात. 1980 साली पहिल्यांदा मांडलेल्या या प्रश्नावलीचं आज रूढ असलेलं रूप 22 प्रश्नांचं आहे आणि कमाल गुण 88. समोरासमोर ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्या बाईंनी कागदावर मात्र खूप वेगळी उत्तरं दिली. ‘आजारी माणसाजवळ असताना ताण येतो का’, ‘आपलं आयुष्य आपल्या हातात राहिलं नाही असं वाटतं का’ या प्रश्नांपुढे त्यांनी ‘जवळजवळ नेहमी’वर खूण केली होती. त्यांची बेरीज जड भाराच्या टप्प्यात गेली.

हे आकडे मी गांभीर्याने घेते, त्याला कारण आहे. शुल्झ आणि बीच यांनी 1999 साली वृद्ध जोडीदारांची चार वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यातला मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्के जास्त दिसला. मात्र काळजी घेऊनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ आढळली नाही. आमच्या कामाच्या दृष्टीने दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा आहे. काळजी घेण्याचं काम संपणार नाही, पण ताणाचं काहीतरी करता येतं.

या बाईंच्या ताणाचा मोठा भाग शारीरिक कष्टांचा नव्हताच. त्याचा उलगडा श्रद्धेच्या प्रश्नावरून झाला. क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांनी रुग्णांशी श्रद्धेबद्दल बोलण्यासाठी एक साधी चौकट दिली आहे: तुमची श्रद्धा कशावर आहे, आयुष्यात तिला किती महत्त्व आहे, त्या वाटेवर सोबतीला कोण आहे, आणि उपचार करताना आम्ही तिची दखल कशी घ्यावी. पहिल्या प्रश्नाला नेहमीचं उत्तर आलं. दुसऱ्यावर त्या थांबल्या. पट्ट्याचा वेढा सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाल्या, “मी रोज देवापुढे बसते. ताईंना दिसावं म्हणून बसते. बोलत काहीच नाही. हे आजारी पडल्यापासून माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे.”

आणि त्यामागोमाग ती गोष्ट बाहेर आली. त्या दिवशी पहाटे त्या पतीच्या आधी उठल्या होत्या. ते गाढ झोपेत दिसले. आदल्या दिवशीची दगदग झाली असेल, झोपू दे म्हणून त्यांनी उठवलं नाही. तासाभराने उठवायला गेल्या तेव्हा हे सगळं दिसलं. “सगळे म्हणतात, जीव वाचला, देवाचे आभार मान. मी आभार मानायला डोळे मिटले की मला तो तास दिसतो.”

आभारांचा तगादा

नणंद मनाने प्रेमळ आणि कमालीची भाविक. भावावर संकट आलं तेव्हापासून त्यांची प्रार्थना वाढली, उपवास वाढले, आणि वहिनीने हताश शब्द काढला की त्या लगेच सावरून घ्यायच्या: “असं बोलू नये गं. लोकांचं बघ, कुणाकुणाचं काय काय होतं.” मुलगी फोनवरून वेगळ्या भाषेत तेच सांगत होती. तिने आईच्या मोबाइलमध्ये कृतज्ञतेची रोजनिशी लिहायचं एक ॲप टाकून दिलं होतं. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या.

बाईंनी आज्ञाधारकपणे लिहिल्या. मला दाखवल्या, तेव्हा पानामागून पान त्याच तीन ओळी होत्या: ‘हे आहेत. मुलगी आहे. डोक्यावर छप्पर आहे.’ दिवसाची औषधं, आंघोळ, व्यायाम, कपडे बदलणं हे सगळं उरकल्यावर झोपायच्या आधी उरलेलं आणखी एक काम, एवढंच त्या रोजनिशीचं रूप झालं होतं.

कृतज्ञतेवरच्या संशोधनाचा लोकांपर्यंत पोचलेला भाग फार त्रोटक आहे. एमन्स आणि मॅककलो यांचा 2003 सालचा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. त्याच्या तिसऱ्या भागात मज्जातंतू आणि स्नायूंचा आजार असलेली माणसं होती. ज्यांनी 21 दिवस रोज आभार वाटणाऱ्या गोष्टी लिहिल्या त्यांना मन प्रसन्न वाटलं, झोपही बरी लागली. हे खरं आहे आणि आजारी घरासाठी आशादायक आहे. पण नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा, तुलनेच्या गटालाही लिहायला काही अर्थपूर्ण दिलं असेल तर, कृतज्ञतेचा जास्तीचा फायदा माफक दिसला. शिवाय अशा अभ्यासात कोणी ‘रडू नकोस, त्याऐवजी हे लिही’ असं सांगत नाही. या घरात नेमकं तेच होत होतं. आभार हे दुःखावर ठेवायचं झाकण झालं होतं, आणि मुलगी नि आत्या दोघींनी ते प्रेमापोटीच दाबून धरलं होतं.

मला यावर ठाम बोलायचं आहे. कोसळलेल्या माणसाला ‘इतरांचं बघ’ म्हणणं याला मी धीर देणं म्हणत नाही. त्यातून ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपलं दुःख इथे बोलायचं नाही. मग तो माणूस इथे बोलत नाही, दुसरीकडेही बोलत नाही, आणि शेवटी देवाशीही बोलत नाही.

काय केलं

पहिलं पाऊल माझं नव्हतं, मेंदूविकारतज्ज्ञांचं होतं. त्या तासाबद्दल बाईंनी कुणालाच विचारलेलं नव्हतं, कारण उत्तराची भीती होती. मी डॉक्टरांची वेळ मागून घेतली. त्यांनी स्कॅन पडद्यावर लावला, खुर्ची बाईंच्या शेजारी ओढली आणि बोट ठेवून दाखवलं: हा काळसर भाग दिसतो एवढा स्पष्ट व्हायला कित्येक तास जावे लागतात. तुम्ही उठलात तेव्हा हे होऊन गेलेलं होतं. तासभर आधी उठवलं असतं तरी आमचा निर्णय बदलला असता असं मला वाटत नाही. ‘मनाला लावून घेऊ नका’ हे वाक्य त्यांनी उच्चारलंही नाही. खोलीबाहेर आल्यावर बाई भिंतीला टेकून मनसोक्त रडल्या, पक्षाघातानंतर पहिल्यांदा. चार महिन्यांच्या सांत्वनाने जे झालं नव्हतं ते नेमक्या माहितीने झालं.

श्रद्धेचं काम याहून सावकाश झालं. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 2001 साली दवाखान्यात दाखल झालेल्या 596 वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेऊन लिहिलं की, देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही अशा विचारांशी जे झुंजत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक दिसला. हे वाचून काही जण घाईने म्हणतात की मग श्रद्धा घट्ट धरा. मी त्यातून वेगळं घेते. अशी झुंज चालू असेल तर ती कुणीतरी विचारून ऐकली पाहिजे. तिला पाप ठरवून आत ढकललं की ती तिथेच राहते.

म्हणून मी बाईंना विचारलं, बोलणं चालू असतं तर त्याला काय म्हणाला असतात? पुढच्या वेळी त्या वहीचं फाडलेलं पान घेऊन आल्या. वाचून दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. एवढंच सांगितलं की पान भरून भांडण आहे, आणि ते त्यांनी देवापुढे बसून वाचलं, ताई झोपल्यावर. “पाप लागेल का हो?” मी म्हटलं, भक्तीच्या सगळ्या मोठ्या वाटांवर देवाशी कडाडून भांडलेली माणसं आहेत आणि त्यांना कुणी भक्त म्हणायचं थांबलं नाही. भांडायला समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे बोलणं सुरूच झालं की.”

रोजनिशी आम्ही बंद केली. तिच्या जागी आठवड्यातून एकदा दोन ओळी ठरवल्या. वरच्या ओळीत या आठवड्यात सर्वांत अवघड काय गेलं. खालच्या ओळीत कुणा एका माणसाने केलेली एखादी गोष्ट, आणि ती करताना त्या माणसाने काय सोसलं किंवा काय सोडलं. मुद्दाम क्रम तसा ठेवला. अवघड ते आधी.

पहिल्या नोंदीत वॉर्डमधले मामा होते. पती बेशुद्धीसारख्या अवस्थेत असताना ते दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला यायचे, आणि प्रत्येक वेळी नावाने हाक मारून सांगायचे, “साहेब, आता डावीकडे वळवतो हं.” उत्तर येणार नाही हे माहीत असून. बाईंनी लिहिलं होतं: ‘त्या वेळी मीसुद्धा यांना नावाने हाक मारत नव्हते. मामा रात्रपाळी संपवूनही एकदा थांबले होते.’ ‘डोक्यावर छप्पर आहे’ आणि ही ओळ यांत जो फरक आहे, तोच माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे. या ओळीत माणूस आहे, त्याने केलेलं काम आहे, आणि ते आपल्याला दिसलं नव्हतं याची जाणीव आहे. असे आभार कुणाला सांगून मानवून घेता येत नाहीत.

प्रार्थनेचा प्रसंग

याच सुमाराला घरात एक गोष्ट घडली. पतींना बोलता येत नव्हतं म्हणजे समजत नव्हतं असं नाही. वाचाघाताच्या या प्रकारात माणसाला बरंचसं समजतं, पण शब्द जुळवून बाहेर काढता येत नाही. चमचा दाखवला तर ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि ‘च’वर सगळं अडायचं. बायकोचं नावही येत नव्हतं. एका संध्याकाळी नणंद त्यांच्या पलंगाशेजारी बसून लहानपणापासूनची प्रार्थना म्हणत होत्या. दुसऱ्या ओळीपासून पलंगावरून आवाज आला. उच्चार स्वच्छ, शब्द पूर्ण. त्यांनी अख्खी प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली.

नणंद धावत बाहेर आल्या: चमत्कार झाला. मुलीने रात्री फोनवर सांगितलं की यात चमत्कार नाही, हे विज्ञानाला ठाऊक आहे. दोघींचा वाद पेटला आणि बाई मधे सापडल्या. त्यांना आनंद झाला होता, आणि त्याहून खोलवर काहीतरी टोचलं होतं. “प्रार्थना येते, माझं नाव येत नाही.”

मुलगी म्हणते ते बरोबर होतं. पाठ झालेली प्रार्थना, अंकांची मालिका, आठवड्याचे वार, गाणी, शिव्यासुद्धा पुष्कळ रुग्णांत शाबूत राहतात. विचार करून बोललेलं वाक्य आणि आपोआप येणारं बोलणं हे मेंदूत सारख्या मार्गाने चालत नाही, हा फरक मेंदूविकारतज्ज्ञ ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. 1973 साली चाल लावून बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धतीही पुढे आली. पाठ आलेलं म्हणता येणं म्हणजे स्वतःचं बोलणं परत येईलच असं नाही, हेही स्पीच थेरपिस्टने घरच्यांना स्पष्ट सांगितलं. मात्र तिने त्या प्रार्थनेचा उपयोग करून घेतला. ती ओळ सुरू करायची आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायची. बाईंना तो थांबा असह्य व्हायचा, त्या पटकन शब्द पुरवायच्या. थेरपिस्ट त्यांचा हात धरून ठेवायची. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा, आणि मग शब्द यायचा. पुढच्या दोन ओळींत बाईंनी तिचं ‘न बोलता थांबणं’ लिहिलं.

चमत्कार की विज्ञान या वादात मी बाजू घेतली नाही, आणि तो सुटायला हवा असंही मला वाटलं नाही. नणंदेला भावाच्या तोंडून आलेली प्रार्थना देणगी वाटली, मुलीला मेंदूची रचना दिसली. दोघींना त्या संध्याकाळी एकच माणूस परत येताना दिसला होता.

अडचण वेगळीच निघाली. पाहुणे यायला लागले. नणंद कौतुकाने म्हणायच्या, “ऐकवून दाखव रे.” दोन-तीनदा त्यांनी ऐकवलं. मग एकदा पाहुण्यांसमोर ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड केलं. त्यांना स्वतःला काय वाटतं, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. हो-नाहीची कार्डं आणि चित्रं घेऊन थेरपिस्ट आणि मी त्यांच्याजवळ बसलो. प्रार्थना आवडते का? हो. पाहुण्यांसमोर? त्यांनी डाव्या हाताने ‘नाही’चं कार्ड उचललं आणि गादीवर आपटलं. बहिणीसोबत? हो. बायकोसोबत? ‘हो’च्या कार्डावर बोट बराच वेळ टेकवून ठेवलं. आजाराआधी ते फारसे देवभोळे नव्हते. ते भाविक झाले, असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्या म्हणण्यात त्यांना आपला आवाज सापडत होता आणि कुणाबरोबर ऐकू द्यायचा हे ठरवायचा हक्क हवा होता.

त्यानंतर नणंदेने पाहुण्यांना नकार देण्याचं काम स्वतःकडे घेतलं. त्यांना ते जड गेलं असणार.

नणंदेविषयी

त्यांना या कथेत खलनायिका ठरवणं सोपं होतं आणि चुकीचं ठरलं असतं. एका भेटीत त्या एकट्या आल्या आणि त्यांनी मला सरळ विचारलं: “मी एवढी प्रार्थना करते, तिचा त्याला उपयोग होतो का?” मी त्यांना 2006 सालच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितलं. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांत, अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होणार असं ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात तर ती थोडी जास्तच दिसली: 59 टक्के, आणि खात्रीने न सांगता ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात 52 टक्के. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, “ते अनोळखी होते. मी त्याच्या उशाशी बसते.” मला याचं उत्तर देता आलं नाही, द्यायचंही नव्हतं. तो अभ्यास दुरून केलेल्या प्रार्थनेचा होता. उशाशी बसणाऱ्या बहिणीचं मोजमाप त्यात नाही.

त्यांच्या कडक उपवासांची मात्र मला धास्ती होती, कारण त्या मधुमेहाच्या गोळ्या घेतात. उपाशीपोटी काही गोळ्यांनी साखर धोकादायक खाली जाते. हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. उपवासाऐवजी रोज दुपारी दोन तास भावाजवळ बसायचं, त्या वेळात वहिनीने दार लावून झोपायचं, असं ठरलं. “हीच माझी सेवा,” त्या म्हणाल्या. पुढच्या नोंदीत बाईंच्या खालच्या ओळीत पहिल्यांदा नणंदेचं नाव आलं. सोसलं काय, या रकान्यात लिहिलं होतं: ‘ताईंचा गुडघा दुखतो. तरी स्टुलावर बसतात, खुर्ची यांना अडचणीची होते म्हणून.’

आजची स्थिती

गृहस्थ आता काठीच्या आधाराने घरात चालतात. मोजके शब्द येतात. बायकोला हाक मारताना बऱ्याचदा बहिणीचं नाव येतं, मग ते स्वतःच हात हलवून खोडतात. मधल्या काळात ते खूप उदास झाले होते. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य गाठतं, त्यामुळे तपासणी लवकर झाली आणि औषध सुरू केलं. त्याचा फरक दिसतो आहे.

बाईंची भाराची बेरीज उतरली आहे, पण हलक्या टप्प्यात आलेली नाही, आणि येईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. काही दिवस त्या देवापुढे बसतात, काही दिवस बसत नाहीत. नणंद त्याबद्दल विचारत नाहीत. वही चालू आहे. अलीकडच्या एका नोंदीत वरची ओळ कोरी होती आणि खाली तीन नावं. दुसऱ्या एकीत वरची बाजू पानभर, खाली काहीच नाही. दोन्ही त्यांनी तशाच राहू दिल्या.

मुलीशी अजून स्वतंत्र बोलणं व्हायचं आहे. डॉक्टरांच्या वेळा, विमा, औषधांच्या याद्या, आत्या आणि आईमधले निरोप हे सगळं ती परगावी बसून फोनवर सांभाळते. झरिटची प्रश्नावली तिला अजून कुणी दिलेली नाही. पुढच्या भेटीसाठी ती दोन दिवसांची रजा काढून येते आहे, तेव्हा पहिली वेळ तिची ठेवली आहे.